चारच्या पट्टीतली ओकोनो

असाकुसा,
सोमवार सकाळ

प्रिय इकुयो,

पत्राची सुरुवात ऋतूच्या चौकशीने करावी, तिकडे बर्फ वितळला का, प्लमला कळ्या आल्या का असं विचारावं, हे मला ठाऊक आहे. तू असतीस तर तशा तीन सुंदर ओळी लिहून मगच मुद्द्यावर आली असतीस. मला ते कधी जमलं नाही. मी पडद्याआडून तुझ्या कथांना शामिसेन वाजवणारी बाई, मला एकदम तारेलाच हात घालायची सवय. तेव्हा आधीच सांगून ठेवते, पत्र लांब आहे आणि शेवटपर्यंत वाचायचं आहे. मधेच रागाने फाडावंसं वाटलं तर खुशाल फाड, पण तुकडे टाकू नकोस. राग उतरला की जोडून उरलेलं वाच.

जानेवारीत तुझं नवीन वर्षाचं कार्ड आलं. गेली पाच वर्षं येतं तसंच, छापील, खाली हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. यंदा मात्र छापील ओळ वेगळी होती. ‘वयोमानामुळे या वर्षापासून कार्ड पाठवणं थांबवत आहे, आजवरच्या स्नेहाबद्दल आभार.’ हल्ली सगळेच म्हातारे असं कळवतात. माझ्या दातांच्या डॉक्टरनेसुद्धा कळवलं. पण दातांच्या डॉक्टरबरोबर मी एकतीस वर्षं एका रंगमंचावर बसले नव्हते. मी ते कार्ड तीन आठवडे फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवलं आणि दूध काढताना रोज त्याच्याशी भांडले.

तू कथा गायची थांबलीस त्याला येत्या मे महिन्यात सहा वर्षं होतील. त्या दुपारी नावाडीण ओकोनोच्या कथेत, ऐन शिखराच्या ओळीवर तुझा आवाज फुटला. तू एकदा प्रयत्न केलास, दुसऱ्यांदा केलास, मग वाकून नमस्कार करून आत गेलीस आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने साकाताला भावाकडे निघून गेलीस. तुझी वहिनी मला फोनवर म्हणाली होती, “अहो, त्या गुणगुणतसुद्धा नाहीत. दुकानात लोणच्याच्या बरण्या पुसतात आणि गप्प असतात. आवाज मेला म्हणतात, विषय काढू नका.” त्या दुपारबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. सहा वर्षं ती सांगायची राहिली. राहिली कसली, मीच सांगितली नाही. या पत्रात सांगणार आहे. पण मी पहिल्यापासून भित्री, म्हणून आधी कालचा कार्यक्रम सांगते. तो ऐकल्याशिवाय पुढचं तुला कळायचंही नाही.

काल तुझ्या नात्सुहोने पहिल्यांदा ओकोनो सांगितली. गुरूच्या परवानगीशिवाय शिष्याने गुरूच्या कथेला हात लावायचा नाही, ही आपली रीत. ती पोरीने पाळली. तुला तिने चार पत्रं लिहिली. चौथ्याला तुझं कार्ड आलं, ‘कर. मला आता तिचा काय उपयोग.’ इतकंच. नात्सुहोने ते मला दाखवलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “ताई, ही परवानगी आहे की शाप?” असं विचारत होती. मी म्हटलं, “इकुयोकडून आलंय ना, मग दोन्ही थोडंथोडं असणार.” तिने नाक पुसलं, कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि पाठांतराला बसली. चौतीस वर्षांची झाली, पण पाठ करताना अजून पायाचा अंगठा चोळते. तू ओरडायचीस ते आठवतं ना?

काल सकाळी दहाला मी सभागृहात पोचले, तर ही ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात मास्क लावून मध-आल्याचं पाणी पीत बसलेली. डोळे लाल, नाक त्याहून लाल. “फुसाएताई,” म्हणाली, आणि तो आवाज ऐकून मी शामिसेनची पिशवी होती तिथेच खाली ठेवली. करपलेली कढई खरवडावी तसा आवाज. मी म्हटलं, “रद्द करू. तुझ्या जागी कुणीतरी गाईल.” तर म्हणते, “पन्नास तिकिटं मी स्वतः दारोदार फिरून खपवलीत ताई. आई नीगाताहून पहिल्या गाडीने येतेय. रद्द केलं तर ती मला परतीच्या गाडीत घालून घरी नेईल आणि कुठल्यातरी दातपडक्या भातवाल्याशी लग्न लावून देईल.”

“मग काय करायचं म्हणतेस?”

“पट्टी उतरवा. सहा नको आज. चार करा.”

इकुयो, सूपात मीठ जरा कमी घाला म्हणावं इतक्या सहज म्हणाली ती. ड्रेसिंग रूममध्ये आणखी तिघंचौघं होती. कुणी कमरपट्टा बांधत होतं, कुणी भाताचा गोळा खात होतं. कुणी मानसुद्धा वर केली नाही. मीच एकटी पुतळ्यासारखी उभी. म्हटलं, “ओकोनो? चारात?” तर माझ्याकडे वेड्यासारखं बघत म्हणाली, “का? बारा महिने पाण्यावर असते ती बाई. तिला कधी सर्दी होत नाही का?”

मला त्या क्षणी गेन्झोबुवा आठवले. तूही विसरली नसशील. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने एक दिवस पट्टी एका पायरीने खाली घेतली, आणि तू त्याच खोलीत, तो पाठमोरा कपडे बदलत असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, “पट्टी खाली आली की माणसाने घरी जावं. लोकांना उरलंसुरलं वाढू नये.” तू तेव्हा अठ्ठेचाळीसची. आवाज असा, की सातच्या पट्टीत सभागृहाच्या मागच्या भिंतीला जाऊन लागायचा. बुवांनी कमरपट्ट्याची गाठ दोनदा सोडून दोनदा बांधली. सहा महिन्यांनी खरंच घरी गेले. मला तेव्हा तुझा राग आला होता आणि भीतीही वाटली होती. राग लवकर गेला. भीती राहिली, आणि पुढचं सगळं रामायण त्या भीतीपायीच झालं.

तर काल. मी कोपऱ्यात बसून चारचा सूर लावला. लावताना खुंटी तीनदा चुकीची पिळली. नात्सुहोला वाटलं थंडीने, तिने हीटर माझ्याकडे वळवला. मग नेहमीसारखी मी जाऊन पडद्याआड बसले. जागा तीच, उशीही तीच. पडद्याच्या फटीतून कथा सांगणाऱ्याचा उजवा खांदा आणि पहिल्या रांगेचा तुकडा दिसतो, तेवढंच. लोकांना वाटतं, आम्ही कान देऊन वाजवतो. आम्ही तो खांदा बघून वाजवतो. खांदा उचलला की श्वास आला, श्वास आला की ओळ आली. आपल्या कलेत लिहिलेलं काही नसतं, सगळं त्या खांद्यावर. तुझा खांदा मी एकतीस वर्षं बघितला. तुझ्या नवऱ्याने, बिचारा असेपर्यंत, इतका बघितला नसेल.

नात्सुहो बाहेर आली तशी तिसऱ्या रांगेतून आरोळी आली, “वाट बघत होतो!” आवाज ओळखलास का? कुवाबारा न्हावी. ब्याऐंशीचा झाला, दुकान मुलाला दिलं, पण आरोळी अजून स्वतःकडेच ठेवली आहे. नात्सुहोने टेबलावर हात टेकले. टेबलावर निळं झालरीचं कापड होतं, तिच्या गावच्या लोकांनी वर्गणी काढून शिवून दिलेलं. आणि कथा सुरू करायच्या आधी ही बया काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, “मंडळी, मला सर्दी झाली आहे. आज पट्टी दोन पायऱ्या खाली आहे. उंच सूर ऐकायला कुणी आलं असेल तर पुढच्या महिन्यात परत या. तिकीट मात्र पुन्हा काढावं लागेल.” सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, “खालून तर खालून, भरपूर होऊ दे!” आणि झालं. संपली गोष्ट. मी पडद्याआड बसून घामाघूम. इतकं सोपं होतं ते, इकुयो? माणसाने उभं राहायचं, आज माझ्याकडे एवढंच आहे म्हणायचं, आणि लोकांनी हसून टाळ्या वाजवायच्या, इतकं सोपं?

मग तिने सांगायला सुरुवात केली. पुराच्या दिवसांत नाव चालवणारी ओकोनो. ज्या माणसाच्या खोट्या साक्षीने तिचा बाप हद्दपार झाला आणि परमुलखात मेला, तोच माणूस वीस वर्षांनी म्हातारा होऊन तिच्या नावेत बसतो. तो तिला ओळखत नाही, ती ओळखते. सुरुवातीला पोरगी चाचपडली, दोन ठिकाणी खोकली, एका ठिकाणी शब्द विसरली आणि मी चार ठेके जास्त वाजवून तिला वाट काढून दिली. पण नदी मध्यावर आली, ओकोनोने वल्हं पाण्याबाहेर काढलं, आणि नात्सुहोचा खांदा उचलला. “माझ्या बापाचं नाव घे. घे, मगच पलीकडे नेते!” ती ओळ तू सातात गायचीस तेव्हा वीज पडायची. काल ती चारात आली. बसक्या, सर्दाळलेल्या, खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखी. वीज पडली नाही. खुर्च्या करकरल्या, सगळं सभागृह पुढे वाकलं. मला फटीतून फक्त पहिली रांग दिसते, तिथे नीगाताची आई बसली होती. तिने दोन्ही हातांनी आपल्या गुडघ्यांवरचा रुमाल घट्ट धरला होता.

कार्यक्रम संपल्यावर कुवाबारा आत आला, संत्र्यांची पिशवी घेऊन. नात्सुहोच्या आईला नमस्कार, नात्सुहोला शाबासकी, आणि मग माझ्याशेजारी फतकल मारून बसला. म्हणाला, “फुसाएबाई, आज इकुयोबाईंची फार आठवण झाली. शेवटची काही वर्षं त्या अश्शाच सांगायच्या. चारातच ना त्या?”

माझ्या हातातलं संत्रं निसटलं. मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, चाळीस वर्षं ऐकतोय. कान काय भाड्याने आणलेत? आधी सात होती. मग सहा, मग पाच, मग चार. आम्ही तिसऱ्या रांगेत बोटांवर मोजायचो.” आणि वर हसतोय. मी विचारलं, “मग वाईट नाही वाटलं?” तर म्हणाला, “वाईट? सातात होत्या तेव्हा त्या उंच चढायच्या आणि आम्ही माना वर करून बघायचो. मान दुखायची. खाली आल्या आणि शेजारी येऊन बसल्यासारख्या सांगायला लागल्या. ओकोनो म्हणते काय, हे मला त्या चारातच कळलं. माझी बायको गेली त्या वर्षी मी दर महिन्याला येत होतो ते काय उंच सूर ऐकायला? एवढी मोठी बाई, पण स्वतःहून पट्टी खाली आणली. सगळ्यांना नाही जमत. गेन्झोबुवांनासुद्धा तिथून पुढे जमलं नाही.”

स्वतःहून. इकुयो, तो स्वतःहून म्हणाला, आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण तुला ठाऊकच नाही.

आता सांगते. बस खाली.

तू चोपन्नची होतीस, उत्तरेच्या त्या लांबलचक दौऱ्यावरून आपण परत आलो होतो, तुला महिनाभर खोकला होता. ओकोनोच्या ओळीवर तुझा आवाज कातरला. फार नाही, केसाइतका. लोकांना कळलं नाही, पण तुला कळलं. आत येऊन तू आरशासमोर बसलीस आणि घसा चोळत म्हणालीस, “आज जरा धरला होता.” तुझा चेहरा मी आरशात बघितला. गेन्झोबुवांबद्दल जे बोलली होतीस ते तुला त्या क्षणी आठवत होतं, मला पक्कं दिसलं. दुसऱ्या दिवशी पडद्याआड बसताना मी सूर एक पायरी खाली लावला. सहा. तार ढिली पडून आवाज मंद होऊ नये म्हणून आधीच जाड तार चढवून ठेवली होती. तू बाहेर जायच्या आधी नेहमीसारखं पडद्याकडे न बघता विचारलंस, “सात ना?” मी म्हटलं, “सात.” आणि तू अशी गायलीस, की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. आत येऊन म्हणालीस, “बघितलंस? नीट झोप झाली की सातात अजून लोणी!” आणि मला ओढत नेऊन मोठ्या वाडग्यातला ईल माशाचा भात खाऊ घातलास. मी काय बोलणार होते? तोंडात ईल होता.

ठरवलं होतं, खोकला जाईपर्यंतच. खोकला गेला, पण पट्टी परत वर न्यायला मला धीर झाला नाही. पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच, बासष्टाव्या वर्षी चार. प्रत्येक वेळी नवी जाड तार. आणि रोज तुझं “सात ना?” आणि रोज माझं “सात.” अकरा वर्षं, इकुयो. नवरा-बायकोत इतकं सुरळीत खोटं चालत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत राहिले. मूठ उघडीच होती आणि सगळं सभागृह आत बघत होतं, हे काल न्हाव्याने सांगेपर्यंत कळलं नाही. ड्रेसिंग रूममध्येही सगळ्यांना माहीत असणार. तू एकटीच तेवढी बाहेर राहिलीस, आणि तुला बाहेर मी ठेवलं. लोक तुला हसत होते असं मात्र मनात आणू नकोस. हसायला कुणी चाळीस वर्षं तिकीट काढत नाही.

इथवर वाचलंस तर पुढचंही वाच, कारण खरं वाईट पुढे आहे. त्या मे महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि दोन आठवडे माझ्याऐवजी शिगेको बसायची होती. नेमकी त्याच आठवड्यात तुझी रेडिओवर मुलाखत झाली. मी डोळ्याला पट्टी बांधून पलंगावर पडून ऐकत होते. त्यांनी तुला विचारलं, पासष्टीत असा आवाज कसा राखला? तू म्हणालीस, रोज पहाटे मिठाच्या गुळण्या. मग विचारलं, साथीदार बदलला की अडचण होत नाही का? आणि तू हसून म्हणालीस, “पडद्यामागे कुणीही बसलं तरी चालतं. मी आहे ना!” तू सहज बोललीस, गर्दीसमोर बोलतात तसं. तुझ्या मनात माझ्याबद्दल वाकडं काही नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मला कळलं नाही. माझ्या बांधलेल्या डोळ्यातून पाणी आलं आणि नर्स मला रागावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमाआधी शिगेकोचा फोन आला. बिचारी जपून वागणारी, सगळं विचारून करणारी. “ताई, इकुयोताई सात म्हणतायत. सातच लावू ना? मला वाटलं होतं, त्या हल्ली जरा...” मी फोन हातात धरून होते. ‘चार’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी म्हटलं, “ती म्हणते ना सात? मग सात.”

सगळ्या ड्रेसिंग रूमभर बोभाटा होईल म्हणून बोलले नाही, तुझी लाज राखली, असं मी सहा वर्षं स्वतःला समजावलं. ते सगळं खोटं आहे. मला वाटलं, कुणीही चालतं ना? मग चालव. एवढंच वाटलं. फक्त तेवढ्या एका घटकेपुरतं वाटलं, पण ती घटका नेमकी चुकीची होती. संध्याकाळी बातमी आली तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि त्याचा तुला काडीचा उपयोग झाला नाही.

तू जाताना म्हणालीस, शिगेकोने उंच लावून माझा घात केला. ते वाक्य शिगेकोच्या पाठीमागे अजून फिरतं. दोन वर्षं तिला कुणी बोलावलं नाही. ती एकदाही म्हणाली नाही की मी फुसाएताईंना विचारून लावलं होतं. काल कुवाबारा गेल्यावर मी सरळ तिच्या घरी गेले, दारातच गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं. तिने मला उठवलं, चहा दिला. मग म्हणाली, “ताई, मला पहिल्याच ओळीला कळलं होतं. मलाही सूर खाली घेता आला असता, हात चालला नाही. आता माझ्यापुढे डोकं टेकून काय होणार? आधी त्यांना सांगा. मला कामं मिळतायत आता. त्यांना काय मिळतंय?” म्हणून आज सकाळी धुणंसुद्धा मशीनमध्ये तसंच ठेवून लिहायला बसले आहे.

माफी मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. ती तू द्यायची तेव्हा दे, नाही दिलीस तर मी तिच्याशिवाय मरेन, त्याची तू काळजी करू नकोस. लिहिलं ते एवढ्यासाठी, की तू सहा वर्षं ज्या आवाजाचं सुतक पाळते आहेस तो मेलेलाच नाही. त्या दुपारी तुला तीन पायऱ्या वर ढकललं आणि तू पडलीस, एवढंच झालं. ढकलणारी मी होते. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत तू चारात गात होतीस आणि न्हाव्यासारखी माणसं दर महिन्याला त्या चारासाठी येत होती. पाकिटात कागदात गुंडाळून सूर लावायची छोटी शिटी पाठवते आहे. बारा भोकं आहेत, चौथ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे, चष्म्याशिवायही दिसेल. भाऊ आणि वहिनी दुकानात गेले की दार लावून घे, ती फुंक आणि ओकोनोची ओळ म्हणून बघ. सहा वर्षांचा गंज आहे, पहिल्या दिवशी खरखर येईल, शेजारचं कुत्रं भुंकेल, भुंकू दे. दहा दिवस कर. अकराव्या दिवशी मला फोन कर आणि मनात साठलेल्या सगळ्या शिव्या दे, एकही मागे ठेवू नकोस, माझा त्यावर हक्क आहे. फक्त चारात दे. मी इकडे तार लावून बसलेली असेन, आणि या वेळी तू “सात ना?” विचारलंस तर मी नाही म्हणेन.

तुझीच,
फुसाए